रूढीची साक्ष

इ. स. १८२७ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज अधिकारी एकाच कामात गुंतले होते. सुरतेच्या बाजूला हॅरी बॉरोडेल आणि पुण्याच्या बाजूला आर्थर स्टील. प्रत्येक जातीला प्रश्न विचारायचे आणि येईल ते उत्तर लिहून काढायचे, असे ते काम होते. तुमच्यात लग्न कसे लागते, ते मोडता येते का, विधवेला दुसरे घर करता येते का, दत्तक कोण घेऊ शकतो, पुरुष मेला तर त्याची मालमत्ता कोणाकडे जाते, असे ते प्रश्न होते. स्टीलचा ग्रंथ १८२७ मध्ये सरकारी हुकुमाने छापला गेला. दख्खनच्या जातींचा कायदा आणि रिवाज हा त्याचा विषय. बॉरोडेलने जमवलेली गुजरातच्या जातींची उत्तरे मात्र बराच काळ दप्तरात पडून राहिली. १८८० च्या दशकात सर मंगळदास नथुभाई यांनी ती गुजरातीत छापून घेतली.

नवागाम, डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत दोन-तीन पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांचा या दोन्ही चौकशांशी संबंध आहे. आपली मूळ गावे तापीच्या वरच्या अंगाला, जळगाव, धुळे, नंदुरबारकडे. आपली घरे तापीच्या मुखाशी. वरच्या अंगाचा रिवाज घेऊन आपण खालच्या अंगाला आलो. त्या रिवाजाचे कायद्याच्या दरबारात पुढे काय झाले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. मी वकील नाही, होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. इतिहासाच्या वाचनातून मला जो एक प्रश्न सतत समोर दिसत राहिला, तोच मांडतो. रूढीला कायद्यात जागा मिळते ती साक्षीच्या दारातून. मग साक्ष द्यायला कोणाला बोलावले, आणि कोणाला बोलावलेच नाही?

इंग्रज येण्यापूर्वी रूढी कागदावर फारशी नव्हती, पण तिला घर होते. मराठी राज्यात गावचा तंटा गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, पेठेतले शेटे-महाजन आणि वादी-प्रतिवादींचे भाऊबंद एकत्र बसत. दोन्ही पक्षांकडून 'सभा सांगेल ते मान्य' असा राजीनामा लिहून घेत, जामीन घेत, प्रत्येकाचा करीना ऐकत आणि मग महजर होई. महजरावर पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलेला ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५३ साली प्रसिद्ध केला. त्यात ही सारी रीत कागदपत्रांच्या आधारे मांडलेली आहे. पेशव्यांचा मुलूख हाती आल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यातही पंचायतीचे गुण आणि तिची दिरंगाई असे दोन्ही नोंदले आहे.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. 'पांचामुखी परमेश्वर' म्हणताना त्या पाच मुखांत बाईचे मुख क्वचितच असे, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला सभेत कुठे बसवत, हे आपण जाणतो. तरीही तिची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रूढी सांगणारे लोक त्याच रूढीखाली जगणारे होते. रिवाज जाचक झाला तर पुढच्या बैठकीत तो थोडा सैल करता येई. रूढी जुनी असे, तशी हलतीही असे.

१८२७ च्या मुंबई रेग्युलेशनांनी या रूढीला फार मोठा मान दिला. त्या वर्षीच्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमाने न्यायाधीशाने काय पाहावे याचा क्रम लावून दिला. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे. ते नसतील तर ज्या मुलखात दावा उभा राहिला त्या मुलखाचा रिवाज. तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सद्बुद्धी. म्हणजे शास्त्रीबुवांच्या पोथीच्या आधी गावचा रिवाज आला. हे शेवटचे तीन शब्द लक्षात ठेवा. जवळपास दोनशे वर्षांनी ते पुन्हा आपल्या समोर येणार आहेत.

आता मान दिला, तर रिवाज कोणता हे ठरवायला हवे. म्हणून बॉरोडेल आणि स्टील यांच्या प्रश्नावल्या. प्रश्न नीट होते. पण उत्तरे कोणी दिली? जातीच्या शेट-पटेलांनी, मेहेत्र्यांनी, पंचांनी आणि शास्त्र्यांनी. विधवेचा हक्क काय हे विधवेला विचारले गेले नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईला कोणत्या दिवशी 'तू मोकळी' म्हणतात, हे तिच्या तोंडून लिहून घेतले नाही.

माझ्या व्यवसायात याचा रोज अनुभव येतो. आमच्या शास्त्रात औषधापेक्षा आधी विचारपूस. रुग्णाने आपल्या शब्दांत सांगावे आणि वैद्याने ते तसेच लिहावे, हा हानेमानच्या 'ऑर्गेनॉन'चा पाया. पण सुनेला झोप लागते का असे विचारले, की उत्तर बरोबर आलेली सासू देते: "लागते की, गाढ लागते." ती खोटे बोलत नसते, तिला जे दिसते ते ती सांगते. डॉक्टरने तेवढेच लिहून घेतले, तर कागद पूर्ण भरतो आणि रुग्ण मात्र त्यात नसतो. १८२७ च्या नोंदींचे थोडेफार असेच झाले. आणि एकदा छापले गेले, की ते उत्तर 'रिवाज' म्हणून न्यायालयात वाचले जाऊ लागले. हलणारी गोष्ट जागच्या जागी थांबली.

सुरतेत त्या काळी आणखी एक गोष्ट घडली आणि ती आपल्या स्थलांतरित घरांना फार जवळची आहे. १८२० च्या दशकात मुंबई इलाख्याची सदर अदालत सुरतेतच बसत असे. बॉरोडेलने नीलकंठभट्टाच्या 'व्यवहारमयूख' या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १८२७ मध्ये सुरतेतच छापले. हा नीलकंठ सतराव्या शतकातला, काशीचा. पण त्याचे भट्ट घराणे मूळचे पैठणचे. पैठण सोडून काशीला गेलेल्या एका मराठी घराण्यातल्या पंडिताचा ग्रंथ गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण यांत सर्वांत वरचा मानला गेला, आणि खुद्द देशावर मात्र मिताक्षरा आधी, मयूख मागून, अशी न्यायालयांनी वाटणी केली. भारतरत्न पां. वा. काणे यांनी १९२६ मध्ये या ग्रंथाची आवृत्ती काढली.

या वाटणीचा घरातला परिणाम एका उदाहरणाने सांगतो. बायको-मुले नसलेला तरुण आपली कमाई मागे ठेवून वारला, तर ती कोणाला मिळावी? मिताक्षरेप्रमाणे आधी आईला. मयूखाप्रमाणे आधी बापाला. मग घाटावरून येऊन सुरतेत राहिलेल्या घरात असे घडले तर? सुरतेची हवा लागली म्हणून आईचा हक्क मागे गेला का? न्यायालयांनी याला उत्तर दिले, की हिंदू कुटुंब एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेले, तर ते आपला कायदा बरोबर नेते. त्याने तो सोडून नव्या मुलखाचा कायदा पत्करला असे कोणी म्हणत असेल, तर ते म्हणणाऱ्याने सिद्ध करावे. मुंबई इलाख्यातून मध्य प्रांतात गेलेल्या मराठी घराण्याच्या 'बळवंतराव विरुद्ध बाजीराव' या खटल्यात १९२० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हेच तत्त्व लावले. गाठोड्यात भांडीकुंडी, कुलदेवतेचा टाक आणि त्यांच्याबरोबर कायदाही येतो. सिद्ध कसे होई? लग्ने कोणत्या रीतीने लागली, उपाध्याय कुठला आला, सोयरीक कुठे झाली, यांवरून. घरातली साधी रीत न्यायालयात पुरावा ठरे.

हा पुरावा देणे सर्वांना सारखे सोपे नव्हते. १८६८ मध्ये मदुरेच्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की हिंदू कायद्यात स्पष्ट सिद्ध झालेला रिवाज लिखित वचनापेक्षा भारी ठरतो. या सांगण्यात 'सिद्ध झालेला' हा शब्द सर्वांत वजनाचा. रिवाज प्राचीन हवा, अखंड हवा, निश्चित हवा आणि नीतीला सोडून नको, अशा कसोट्या लागल्या. नीती कोणाची, हे अर्थात न्यायाधीशाने ठरवायचे.

आम्हा जैनांची गोष्ट याच काळातली आहे. १८७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले, की जैनांना हिंदू कायदाच लागू. आमचा रिवाज वेगळा आहे असे म्हणणाऱ्याने तो सिद्ध करावा. पाच वर्षांनी, १८७८ मध्ये, उत्तर हिंदुस्थानातील एका अग्रवाल जैन विधवेने प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन तो सिद्ध करून दाखवला. नवऱ्याची परवानगी नसतानाही जैन विधवा दत्तक घेऊ शकते, हा रिवाज तिच्या बाजूने मान्य झाला. कारण वेगवेगळ्या शहरांतल्या जैनांनी पुढे येऊन साक्षी दिल्या. समाज शहरी होता, व्यापारी होता, लिहिणारा-वाचणारा होता. वह्या होत्या, वकील होते, साक्षीदारांच्या प्रवासाचा खर्च झेपत होता.

आता दुसरी बाजू पाहा. १८६४ मध्ये गुजरातमधील तळपदा कोळी समाजातील एका स्त्रीचा खटला मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. पहिल्या नवऱ्याच्या संमतीवाचून तिने नातरे, म्हणजे आपल्याकडचा पाट, लावला होता. आमच्या जातीत हे चालते, असा बचाव होता. न्यायालयाने तो रिवाज हिंदू कायद्याच्या भावनेविरुद्ध म्हणून नाकारला आणि द्विभार्या-द्विपतिविवाहाच्या गुन्ह्याचे कलम लागू झाले. १८७६ मध्ये शंभू रघू नावाच्या खटल्यात याच न्यायालयाने सांगितले, की लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. जैन विधवेचा रिवाज तिला बळ देऊन गेला. कष्टकरी जातीतल्या बाईला जी मोकळीक तिच्या जातीत होती, ती 'अनीती' ठरली. दोन्ही ठिकाणी शब्द 'रिवाज' हाच.

विधवाविवाहाचेही असेच. १८५६ चा कायदा झाला तो ज्या जातींत विधवेला लग्नाची बंदी होती त्यांच्यासाठी. कुणबी, माळी, कोळी अशा अनेक जातींत पाट आणि मोहतूर आधीपासूनच होते. पण त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहिले होते, की पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क जातो. ज्यांच्यात पाट मुळातच चालतो, त्या विधवेचाही जातो का? अलाहाबादच्या न्यायालयाने नाही म्हटले. मुंबईच्या न्यायालयाच्या पूर्णपीठाने 'विठू विरुद्ध गोविंदा' या खटल्यात १८९० च्या दशकात होय म्हटले. रीत तीच, कायदा तोच, आणि गंगेकाठच्या विधवेला जे मिळाले ते तापीकाठच्या विधवेला मिळाले नाही. १९८३ मध्ये तो जुना कायदा रद्द झाला.

सुरतेहून साठ-पासष्ट किलोमीटरवर व्यारा, त्यापुढे सोनगड. ही गायकवाडांची भूमी. तिथे सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला. सुरत ब्रिटिश मुलखात असल्यामुळे इथल्या हिंदू स्त्रीला तोवर जातीचा रिवाज असेल तरच सुटका होती. मुंबई प्रांताने तसा कायदा १९४७ मध्ये केला. एका रेल्वे प्रवासाच्या अंतरावर सोळा वर्षांचे अंतर होते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या तेराव्या कलमाने 'कायदा' या शब्दात कायद्याचे बळ असलेल्या रूढीचाही समावेश केला. म्हणजे रूढी मूलभूत हक्कांना विरोध करील तर ती टिकणार नाही. १९५५-५६ मध्ये हिंदू कायद्याचे चार कायदे झाले, त्यांत जैन, बौद्ध, शीखही आले, आणि मिताक्षरा-मयूखाची जुनी भांडणे बहुतेक मिटली. रूढीची मोठी दारे बंद झाली. काही खिडक्या मात्र ठेवल्या गेल्या. त्यांतल्या दोन आपल्या घरच्या आहेत.

पहिली, मामाची मुलगी. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडच्या वेगळ्या रीतींत मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी लग्न करण्याची रीत सांगितलेली आहे. इतकी ती जुनी आहे. आपल्या गुजराती शेजाऱ्यांना ती ऐकून आश्चर्य वाटते. हिंदू विवाह कायद्याने बहीण-भावांच्या मुलांतील लग्न निषिद्ध धरले आहे. फक्त दोन्ही पक्षांच्या रूढीत ते चालत असेल तरच सूट. 'दोन्ही' हा शब्द महत्त्वाचा. उद्या अशा लग्नावर कोणी प्रश्न उभा केला, तर ही रीत आमच्यात चालत आली आहे असे सांगणारी वडीलधारी माणसे लागतील. सुरतेत वाढलेल्या तिसऱ्या पिढीजवळ ती कुठून येणार?

दुसरी खिडकी काडीमोडीची. विवाह कायद्याच्या २९ व्या कलमाने रूढीप्रमाणे होणारा घटस्फोट शाबूत ठेवला. त्यामुळे पंचांपुढे स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून दोन्ही घरे मोकळी होतात. पण कागद म्हणजे रूढी नव्हे. त्या जातीत अशी फारकत दीर्घकाळ आणि एकसारखी चालत आली आहे, हे सिद्ध करता आले नाही, तर पहिले लग्न कायम राहते आणि दुसरे रद्दबातल ठरते. नोटरीचा शिक्का लागला म्हणजे काम झाले, हा समज सर्वत्र आहे. त्याची किंमत बहुतेक वेळा दुसरे लग्न केलेली बाई आणि तिची मुले मोजतात. ज्यांच्या घरात असा कागद असेल, त्यांनी तो चांगल्या वकिलाला दाखवावा.

आता तापीच्या खोऱ्यातल्या सर्वांत जुन्या लोकांकडे वळू. आपण गावी जाताना नवापूर स्टेशन लागते. त्या स्टेशनाचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातमध्ये. फलाटावरचे एक बाकडेसुद्धा दोन राज्यांत विभागलेले आहे. मावची, गामीत, कोकणी, भिल्ल या समाजांची सोयरीक, देज आणि पंचांपुढचे निवाडे मात्र त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत. हिंदू विवाह आणि वारसा कायद्यांनी अनुसूचित जमातींना, केंद्राने तशी अधिसूचना काढल्याशिवाय, बाहेर ठेवले. त्यांच्यावर रूढीचेच राज्य राहिले. १९९६ च्या पेसा कायद्याने आणखी पुढे जाऊन सांगितले, की अनुसूचित क्षेत्रातील पंचायत कायदा तिथल्या रूढीशी सुसंगत असावा, आणि आपल्या परंपरा व तंटे मिटवण्याची रूढ पद्धत जपण्यास ग्रामसभा समर्थ आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले, गुजरातने २०१७ मध्ये. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि त्या गावात निर्णय सर्वसहमतीने होतात. गोतसभेच्या जवळ जाणारी आजची गोष्ट पाहायची तर ती तिथे दिसते.

पण त्याच रूढीपुढे आदिवासी स्त्री उभी राहिली, की जुना प्रश्न पुन्हा येतो. २००१ मध्ये एका संथाळ पुरुषाच्या उरांव पत्नीने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की माझ्या नवऱ्याने दुसरे लग्न केले, हा गुन्हा आहे. न्यायालयाने उत्तर दिले, की तुमच्या जमातीत दुसरे लग्न रद्द ठरवणारी रूढी आहे हे तुम्ही सिद्ध करायला हवे होते. ती करू शकली नाही. तिने ती कोणत्या कागदावरून सिद्ध करायची होती? जमातीची रूढी सांगणारे पंच तर पुरुषच असतात.

जुलै २०२५ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न उलटा फिरवला. छत्तीसगडमधील एका गोंड स्त्रीचे वारस आजोबांच्या जमिनीत तिचा वाटा मागत होते. दावा १९९२ पासूनचा. खालच्या न्यायालयांनी म्हटले होते, की गोंडांत मुलीला वाटा देण्याची रूढी तुम्ही सिद्ध केली नाही. सर्वोच्च न्यायालयाने विचारले, की मुलीला वाटा न देण्याची रूढी तरी कोणी सिद्ध केली? तीही सिद्ध झालेली नसताना वगळणेच रूढ आहे असे धरून चालणे समतेच्या विरुद्ध आहे. आणि वाटा देताना न्यायालयाने आधार घेतला तो मध्य प्रांताच्या जुन्या कायद्यातील न्याय, समता आणि सद्बुद्धी याच शब्दांचा. १८२७ च्या कलमात सर्वांत शेवटी ठेवलेले शब्द इथे पुढे आले. हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू होत नाही, हे कायम राहिले. बदलले ते एवढेच, की साक्षीचा बोजा बाईच्या डोक्यावरून उतरला.

याच वाटेवर दक्षिण आफ्रिका आपल्या थोडी पुढे गेलेली दिसते. तिथल्या १९९६ च्या राज्यघटनेने न्यायालयांना रूढ कायदा लावायला सांगितले, पण मूलभूत हक्कांच्या मर्यादेत. २००४ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने फक्त थोरल्या पुरुष वारसालाच सर्व देणारा नियम रद्द केला. २००८ मध्ये वालोयी जमातीने स्त्रीला प्रमुख करण्याचा निर्णय घेतला होता, तो न्यायालयाने मान्य केला, कारण आपली रूढी बदलण्याचा अधिकार त्या लोकांचाच. अधिकाऱ्यांनी पुस्तकात लिहिलेली रूढी वेगळी आणि लोक आज जगतात ती रूढी वेगळी, हा भेद तिथे स्पष्ट शब्दांत मानला गेला. बॉरोडेल आणि स्टील यांच्या पुस्तकांना लावण्यासारखा भेद हाच आहे.

याचा अर्थ जातपंचायतीला पुन्हा गादीवर बसवावे असा कोणी घेऊ नये. वाळीत टाकणे ही रूढीच होती. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, तो पंचांच्या निवाड्यांनी घरे उद्ध्वस्त होत होती म्हणून. पंचांनी तंटा मिटवणे आणि पंचांनी माणूस मिटवणे यांतला फरक कायद्याने राखलाच पाहिजे.

गुजरात सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये समान नागरी कायद्याचा विचार करण्यासाठी न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. उत्तराखंडने जो कायदा केला त्यात अनुसूचित जमातींना बाहेर ठेवले. या विषयावर या सभागृहात दोन मते असतील आणि ती असावीत. पण कोणत्याही बाजूने बोलण्यापूर्वी आपल्याच घरात आज कोणती रूढी चालू आहे, ते पाहायला हवे.

१९९४ मध्ये महाराष्ट्राने कायदा करून तोवर लग्न न झालेल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. गुजरातमध्ये तो केंद्राच्या दुरुस्तीने सप्टेंबर २००५ मध्ये आला. नंदुरबारच्या मुलीला जे मिळाले, ते सुरतेच्या मुलीला अकरा वर्षे उशिरा. आता दोघींचा कायदा सारखा आहे. आणि दोघींच्या घरातली रीतही सारखीच आहे: वडील गेले, की सातबाऱ्यावर बहिणींची नावे चढतात, आणि वर्षाच्या आत तलाठ्याकडे हक्कसोड होते. दिवाळीला भाऊबीज येते, साडी येते, माहेरचा उंबरा शाबूत राहतो. हा रिवाज कोणत्या जातीत नाही? तो प्राचीन नाही, कारण हक्क मिळाला तेव्हापासूनचा आहे. तो कुठल्या पोथीत नाही, बॉरोडेलच्या वहीत नाही. तरी खानदेशात आणि सुरतेत तो कायद्याहून बळकट आहे. बहिणीने खुशीने सोडले असेही असते; तिला विचारले का, एवढाच प्रश्न आहे. सही करताना ती काय म्हणाली, याची नोंद कुठेच नसते.

म्हणून या मंडळापुढे एक साधे काम ठेवतो. आपल्या वस्तीत सत्तर-ऐंशीच्या घरातली माणसे अजून आहेत. खानदेशातून आलेल्या आपल्या लोकांच्या लग्नाच्या, पाटाच्या, फारकतीच्या, दत्तकाच्या, मानपानाच्या आणि वाटणीच्या रीती त्यांच्याकडून लिहून घ्याव्यात. गावाचे नाव, साल, कोणी सांगितले, सारे लिहावे. उद्या कोणत्याही समितीपुढे किंवा न्यायालयापुढे ती नोंद उपयोगी पडेल. घरोघरी दोन वह्या कराव्यात. एका वहीत घरातले कर्ते पुरुष सांगतील ते लिहावे. दुसऱ्या वहीत आजी, आत्या, विधवा काकू आणि माहेरी परत आलेली मुलगी सांगतील ते, पुरुष बाहेर असताना, त्यांच्याच शब्दांत लिहावे. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात. जिथे त्या जुळतील ती आपली रूढी. जिथे जुळणार नाहीत, तिथे गोतसभा भरवायला आपण मोकळे आहोत, आणि या खेपेस सभेत दुसऱ्या वहीतली माणसेही बसतील.